आधी स्वतःला टोचून घेणारा माणूस

प्लेगवरची पहिली लस मुंबईत तयार झाली. ती बनवणाऱ्याला लोकांचा विश्वास मिळवायचा होता, तेही सरकारवरचा विश्वास पार उडाला होता त्या काळात. त्यानं तो कसा मिळवला आणि एका सरकारी अहवालानं त्यालाच कसं बाहेर बसवलं, त्याची ही गोष्ट. अफवा आणि अधिकृत निवेदनं, दोन्ही एकाच मोबाइलवर वाचणाऱ्या आपल्या पिढीसाठी.

लहानपणी जिभेवर पडलेले पोलिओचे दोन थेंब आठवत नसतील, पण ते पडलेत नक्की. ते मुंबईत परळला असलेल्या हाफकिनमध्ये तयार झालेले असण्याची शक्यता बरीच आहे. शेतात कुणाला साप चावला की सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन शोधतात, त्यातलंही बरंच वर्षानुवर्षं तिथूनच आलंय. मोताळ्याच्या पोरांनी परळ पाहिलं असेल-नसेल, हाफकिनचं काहीतरी त्यांच्या अंगात गेलेलं असतं.

पण हाफकिन हे एका माणसाचं नाव आहे, हे किती जणांना माहीत असतं? तो डॉक्टर नव्हता, इंग्रज नव्हता आणि ज्या देशात जन्मला तिथं त्याला कुणी नोकरी द्यायला तयार नव्हतं.

ओडेसाचा बंडखोर पोरगा

वाल्डेमार हाफकिन १५ मार्च १८६० रोजी ओडेसात जन्मला. तेव्हा हे शहर रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू. त्या काळच्या रशियात ज्यू असणं म्हणजे रोजचा ताप होता. कुठं राहायचं, काय शिकायचं, कोणती नोकरी मिळणार, सगळ्यावर बंधनं. वर अधूनमधून जमाव ज्यू वस्त्यांवर चालून यायचे.

ओडेसाच्या विद्यापीठात तो प्राणिशास्त्र शिकला. त्याचे प्राध्यापक होते इल्या मेचनिकोव्ह. पांढऱ्या रक्तपेशी जंतूंना गिळतात हे दाखवणारे आणि पुढे नोबेल मिळवणारे हेच ते मेचनिकोव्ह. हाफकिन अभ्यासात हुशार होता, पण गप्प बसणारा नव्हता. झारविरोधी चळवळीत त्याची ऊठबस होती. दंगलीत ज्यू वस्तीचं रक्षण करायला उभ्या राहिलेल्या पोरांमध्येही तो होता. त्यात जखमी झाला, पकडला गेला आणि मेचनिकोव्हनी शब्द टाकल्यावर सुटला.

पदवी झाली, डॉक्टरेट झाली. विद्यापीठात नोकरी हवी तर ख्रिस्ती हो, अशी अट पुढे आली. त्यानं नकार दिला. काही वर्षं ओडेसाच्या प्राणिशास्त्र वस्तुसंग्रहालयात काम करून १८८८ साली त्यानं देश सोडला. जिनिव्हात थोडे दिवस शिकवलं आणि तिथून पॅरिस गाठलं. लुई पाश्चरच्या संस्थेत तेव्हा मेचनिकोव्ह होते. रिकामी जागा होती ती मात्र ग्रंथपालाची. हाफकिननं ती घेतली. दिवसा पुस्तकं आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा.

तिथं तो कॉलऱ्याच्या मागे लागला. आपल्याकडे ज्याला पटकी म्हणायचे तो रोग. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी जायचा. जंतू सापडला होता, पण खात्रीची लस नव्हती. हाफकिननं प्राण्यांवर प्रयोग करून लस तयार केली. आता ती माणसाला द्यायची होती. पहिला माणूस कोण?

१८ जुलै १८९२ रोजी त्यानं ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखलं, पण तब्येत सावरली. काही दिवसांनी आणखी तीव्र लस टोचून घेतली. मग त्याच्या रशियन मित्रांनीही घेतली. एवढं झाल्यावरच त्यानं निष्कर्ष शास्त्रज्ञांपुढे ठेवले.

मोठमोठ्या लोकांनी फारसा रस दाखवला नाही. एक तर ग्रंथपाल, त्यात परदेशी. शेवटी पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन मदतीला आले. ते आधी हिंदुस्थानचे व्हॉइसरॉय होते. इथं कॉलरा काय करतो, हे त्यांना माहीत होतं.

कोलकात्याच्या वस्तीत

मार्च १८९३ मध्ये हाफकिन कोलकात्यात उतरला. वय ३३. काही ब्रिटिश अधिकाऱ्यांना तो रशियाचा हेर वाटायचा. सरकारी डॉक्टरांना प्रश्न पडायचा, की जो डॉक्टरच नाही तो आम्हाला काय शिकवणार? आणि सामान्य माणसाला तो आणखी एक गोरा साहेब वाटायचा, हातात सुई घेतलेला.

त्यानं एक गोष्ट सुरुवातीपासून धरून ठेवली. ज्याची मर्जी असेल त्यालाच टोचायचं, जबरदस्ती नाही. दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची होती. टोचलं किती जणांना आणि नाही किती जणांना, पुढे दोन्हीकडे काय झालं, याची नोंद ठेवायची.

मार्च १८९४ मध्ये कोलकात्याच्या कट्टल बागान वस्तीत कॉलरा शिरला. तिथल्या साधारण २०० लोकांपैकी ११६ जणांनी लस घेतली. नंतरच्या दिवसांत वस्तीत १० जण आजारी पडले आणि त्यातले ७ दगावले. सगळे लस न घेतलेल्यांपैकी होते. पाणी तेच, गटार तेच, घरं एकमेकांना चिकटून. फरक होता तो फक्त लसीचा.

पुढच्या दोन-अडीच वर्षांत ४० हजारांवर लोकांनी त्याच्या हातून किंवा त्याच्या साथीदारांकडून ही लस घेतली. या कामात अनेक हिंदुस्थानी डॉक्टर होते. लोकांशी लोकांच्या भाषेत बोलणारे तेच होते. मलेरियानं खिळखिळा झालेला हाफकिन १८९५ मध्ये इंग्लंडला गेला, बरा झाला आणि परत आला. पुढच्या वर्षी, १८९६ च्या सप्टेंबरात, मुंबईत गाठीचा ताप आला.

मुंबईत प्लेग, गावात अफवा

मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. आधी अनेकांनी ते मानलंच नाही. मग मृत्यू वाढत गेले आणि लाखो लोकांनी शहर सोडलं. कुणी बोटीनं गेलं, कुणी रेल्वेनं. आपलं मलकापूर स्टेशन मुंबई-नागपूर लाइनवरचं. रोग पुढची कितीतरी वर्षं याच रुळांवरून आणि बंदरांमधून देशभर पसरत गेला. गाव रिकामं करून शेतात झोपड्या घालून राहण्याच्या आठवणी महाराष्ट्रातल्या जुन्या पिढ्यांनी सांगितल्यात, त्या याच काळातल्या.

सरकार घाबरलं आणि घाबरलेलं सरकार जे करतं ते केलं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. कोविडमध्ये आपण ज्याचं नाव सारखं ऐकलं, तोच हा कायदा. कुणालाही तपासायचं, उचलून दवाखान्यात न्यायचं, घर रिकामं करायचं, सामान जाळायचं, हे सगळे अधिकार सरकारला मिळाले.

लोकांच्या नजरेत दवाखाना म्हणजे मरायची जागा झाली. जो जातो तो परत येत नाही, असं दिसत होतं. खरंही होतं ते, कारण लोक अगदी शेवटच्या अवस्थेत तिथं पोचायचे. त्यातून अफवा उठल्या. गोरे डॉक्टर माणसांना मारून त्यांच्या शरीरातून मोमियाई नावाचं औषध काढतात म्हणे. राणीच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून ती सूड घेतेय म्हणे. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या दवाखान्यावर चालून गेला.

लस आल्यावर तिच्याही अफवा निघाल्या. सुई हातभर लांब असते. टोचली की माणूस जागीच मरतो. पुरुष नपुंसक होतात, बायकांना मुलं होत नाहीत. ओळखीचं वाटतंय ना? २०२१ मध्ये कोविडच्या लशीबद्दल गावोगावच्या ग्रुपवर फिरलेले मेसेज आठवा. सव्वाशे वर्षांत मजकूर फारसा बदलला नाही, फक्त पोचायचा वेग वाढला.

पण सगळा दोष लोकांच्या अडाणीपणावर ढकलून चालणार नाही. पुण्यात काय झालं ते बघा. प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सैनिक घरोघरी शिरले. देवघर, स्वयंपाकघर काही पाहिलं नाही. बायकांची तपासणी, सामानाची नासधूस, धडधाकट माणसांनाही छावणीत नेणं. लोकांच्या मनातला राग धुमसत राहिला. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना तुरुंगात जावं लागलं.

त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत रुग्णांची सेवा करत होते. सेवा करता करता सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रुग्णाजवळ जाण्याच्या दोन पद्धती एकाच शहरात, एकाच महिन्यात दिसत होत्या. एक बंदुकीची आणि एक हाताची.

आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांचा प्रसंग तर आजच्या प्रत्येकानं वाचावा असा. गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथं जाहीर आरोप केला, की सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केले. सरकारनं पुरावा मागितला. पत्रं लिहिणाऱ्यांपैकी कुणी नावानिशी पुढे येईना. परत आल्यावर गोखल्यांनी कोणतीही पळवाट न ठेवता जाहीर माफी मागितली. लोक त्यांच्यावर तुटून पडले, भित्रा म्हणून हिणवलं गेलं. अत्याचार झालेच नाहीत असं यातून सिद्ध होत नाही. घाबरलेली माणसं सत्तेपुढे साक्ष देत नाहीत, हेही खरंच. पण हाती पुरावा नसलेली गोष्ट आपण पुढे ढकलली, याची किंमत गोखल्यांनी स्वतःच्या नावानं चुकवली. नंतर ते प्लेगच्या मदतकार्यातही उतरले.

ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली

या सगळ्या वातावरणात हाफकिन मुंबईत काम करत होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये त्याला इथं पाठवलं गेलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये छोटीशी जागा मिळाली, सोबत एक कारकून आणि तीन शिपाई. या तुटपुंज्या फौजेनिशी तो रोज चौदा-पंधरा तास राबायचा. कामाचा ताण असा, की हाताखालच्या एकाची मनःस्थिती बिघडली, दोघं सोडून गेले.

लस बनवायची रीत ऐका. मटणाच्या रश्शासारख्या द्रवात प्लेगचे जंतू वाढवायचे. इथल्या लोकांना गाय किंवा डुकराचं मांस चालणार नाही, म्हणून त्यानं बकऱ्याचं मांस वापरलं. द्रवावर तुपाचे थेंब सोडायचे. त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे. मग उष्णता देऊन त्यांना मारायचं आणि ते मेलेले जंतू लस म्हणून टोचायचे. शरीर त्यांना ओळखून घेतं आणि खरा जंतू आला की तयार असतं.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यानं ही लसही पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. मात्रा १० घनसेंटिमीटर, म्हणजे नंतर इतरांना दिली त्याहून कितीतरी मोठी. सडकून ताप आला, अंग ठणकलं. तो त्यातून उठला आणि मग इतरांना विचारायला मोकळा झाला.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस दिली, साधारण निम्म्यांना. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांमध्ये रोग आणि मृत्यू कितीतरी जास्त निघाले. आज कैद्यांवर प्रयोग केलेला आपल्याला खटकेल आणि खटकायलाच हवा. तुरुंगातल्या माणसाची मर्जी कितपत मोकळी असते, हा प्रश्न उरतोच. तरी त्या काळात मर्जी विचारली गेली, हेही नोंदवायला हवं.

पण आकडे लोकांपर्यंत पोचत नाहीत, माणसं पोचतात. खोजा समाजाचे धर्मगुरू तिसरे आगाखान तेव्हा जेमतेम १९ वर्षांचे होते, तुमच्याच वयाचे. त्यांच्या समाजातही भीती होती. त्यांनी आपल्या लोकांसमोर उभं राहून लस टोचून घेतली, तीही एकदा नाही तर पुन्हा पुन्हा. आपला एक बंगला प्रयोगशाळेसाठी दिला. हजारो खोजांनी मग लस घेतली. सरकारचे छापील हुकूम जे करू शकले नाहीत, ते एका १९ वर्षांच्या मुलानं अस्तनी वर करून केलं.

उंढेरा गावचा हिशोब

लशीच्या बाजूनं सगळ्यात बोलका पुरावा मिळाला बडोदा संस्थानात. बडोद्याजवळच्या उंढेरा गावात १८९८ च्या फेब्रुवारीत प्लेग होता. हाफकिननं तिथं एक साधी गोष्ट केली. प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या लोकांना लस दिली आणि निम्म्यांना नाही. घर तेच, चूल तीच, उंदीरही तेच.

काही आठवड्यांनी परत जाऊन मोजणी केली. प्लेग २८ घरांत शिरला होता. त्या घरांमध्ये लस घेतलेले ७१ जण होते. त्यातले ८ आजारी पडले, ३ गेले. लस न घेतलेले ६४ होते. त्यातले २७ आजारी पडले आणि २६ गेले.

हे आकडे दोनदा वाचा. लस घेतलेलेही आजारी पडले, हे त्यानं लपवलं नाही. ही लस म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. तिनं ताप यायचा, दुखायचं, संरक्षण काही महिनेच टिकायचं. पण २६ आणि ३ यातला फरक कुठल्याही भाषणापेक्षा मोठा होता. आज अशी निम्म्यांना वगळणारी चाचणी गावात करायची तर आधी नीतिसमितीपुढे उभं राहावं लागेल आणि ते योग्यच आहे. सरकारनं नेमलेल्या प्लेग आयोगानं नंतर हाफकिनच्या नोंदींमध्ये आणि पद्धतीत काही उणिवा काढल्या, पण लशीनं रोग आणि मृत्यू कमी होतात हे मान्य केलं.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. एका खोलीतून सुरू झालेलं काम गव्हर्नरच्या बंगल्यात आलं. लशीच्या बाटल्या देशभर आणि देशाबाहेर जाऊ लागल्या. हाफकिन चाळिशीत होता, कीर्तीच्या शिखरावर. तिथून तीन वर्षांत तो खाली आला.

एक बाटली, १९ मृत्यू

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल गाव, आज ते पाकिस्तानात आहे. पंजाब सरकारनं लसीकरणाची मोठी मोहीम काढली होती. त्या दिवशी गावात १०७ लोकांना लस दिली गेली. लस पाच बाटल्यांतली होती. आठवडाभरानं त्यातल्या काहींचे जबडे आखडायला लागले. धनुर्वात. एकामागून एक १९ माणसं गेली. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. बाकी चार बाटल्यांतल्या लोकांना काही झालं नाही.

विचार करा, त्या गावात पुढे कोण सुईसमोर उभं राहणार? आजूबाजूच्या गावांत तरी? मोहीम मोडली. ज्यांनी लशीनं माणूस मरतो असं म्हटलं होतं, त्यांना आता १९ नावं मिळाली होती. ती अफवा नव्हती.

चौकशी आयोग बसला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स त्याचे प्रमुख. हाफकिननं लस बनवण्याची जुनी रीत बदलून थोडी वेगळी, मोठ्या प्रमाणावर उत्पादन करता येईल अशी रीत घेतली होती. त्यात कार्बोलिक आम्ल घालायचं वगळलं होतं. आयोगाचा निष्कर्ष असा, की बाटली परळच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली. हाफकिनला पदावरून दूर केलं गेलं. १९०४ मध्ये तो लंडनला परतला.

पण चौकशीत आणखी एक गोष्ट आली होती. गावात ती बाटली उघडताना बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय ते बाटलीत आधीच, कित्येक दिवस वाढत असते, तर बाटली उघडताच घाण वास आला असता. तसा वास आला नव्हता. आणि तयार झालेलं विष टोचलं गेलं असतं तर लक्षणं दिसायला आठवडा लागला नसता. लंडनच्या लिस्टर संस्थेनंही या पुराव्याकडे पाहून बाटली गावात उघडतानाच दूषित झाली असावी, असं मत दिलं.

एवढा पुरावा असताना काय झालं? कागद सरकारदरबारी पडून राहिले. अहवाल सार्वजनिक व्हायला १९०६ साल संपत आलं. तोवर हाफकिनवरचा डाग पक्का झाला होता आणि दरम्यान देशात, विशेषतः पंजाबात, प्लेगनं लाखोंनी माणसं नेली.

मग मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवणारा नोबेल विजेता रोनाल्ड रॉस मैदानात उतरला. १९०७ मध्ये त्यानं आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये जाहीर पत्र लिहून पुरावा मांडला आणि हाफकिनवरचा आरोप टिकत नाही असं सांगितलं. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्यावरचा ठपका निघाला. तो पुन्हा हिंदुस्थानात आला, कोलकात्याला. पण परळ त्याला परत मिळालं नाही आणि ज्या कामात त्याचा जीव होता ते कामही नाही. काही वर्षं प्रयोगशाळेत घालवून वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास तो निवृत्त झाला.

बुलढाण्यात याचं काय?

आता थेट आपल्या जिल्ह्यात येऊ. जानेवारी २०२५. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक हातात यायला लागले. पोरापोरींची, म्हाताऱ्यांची टक्कलं पडली. मोताळ्यातही प्रत्येक ग्रुपवर ते फोटो फिरले. सोबत कारणंही फिरली. कुणी शॅम्पू म्हणालं, कुणी पाणी, कुणी नवीन व्हायरस. अधिकाऱ्यांकडूनही आधी पाण्यातलं नायट्रेट, बुरशीचा संसर्ग अशी वेगवेगळी कारणं पुढे आली. आयसीएमआरचं पथक आलं, नमुने घेऊन गेलं. विंचूदंशावरच्या कामामुळे जगभर नाव असलेले डॉ. हिंमतराव बावसकर यांनी तपास करून रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. आणि अधिकृत अहवाल लोकांसमोर कधी येणार, हा प्रश्न बरेच दिवस विचारला जात राहिला.

अशा मधल्या दिवसांतच अफवा माजते. खरी माहिती वेळेवर आली नाही की रिकामी जागा कुणीतरी भरतंच. मुल्कोवालनंतर चार वर्षं हेच झालं.

हाफकिनच्या आयुष्यात दोन्ही बाजू आहेत. लशीविरुद्धच्या अफवा खोट्या होत्या आणि त्यावर विश्वास ठेवून माणसं मेली. पण सरकारी अहवालही चुकला आणि तो उशिरा बाहेर आला. म्हणजे सरकारी आहे म्हणून खरं, हे चालत नाही आणि सरकारी आहे म्हणून खोटं, हेही नाही. हाफकिन निर्दोष ठरला तो कुणाच्या मोठेपणामुळे नव्हे. चिमटा, वास, दिवस, बाटल्या यांचा हिशोब कुणीतरी उघड्यावर मांडला म्हणून ठरला. उंढेऱ्यात लस जिंकली तीही हिशोबानंच.

शंका घेणं चूक नाही. तुम्ही सायन्सचे असा, आर्ट्सचे असा नाहीतर अ‍ॅग्रीचे, शंका घ्यायलाच हवी. फक्त ती शंका दोन्हीकडे सारखी लावा. लशीनं अमक्या गावात माणसं दगावली असा मेसेज आला, तर विचारा : किती जणांनी लस घेतली होती? न घेतलेल्यांमध्ये त्याच काळात किती गेले? मोजलं कुणी? आणि सगळं सुरक्षित आहे असं पत्रक आलं, तर तेच विचारा. अहवाल कुठाय? तो वाचायला मिळेल का? ग्रामसभेत हे विचारता येतं, माहिती अधिकारात अर्ज करता येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना आणि आशाताईंना विचारता येतं. घरोघरी त्याच जातात आणि लोकांच्या शंका आधी त्यांच्याच कानावर येतात. आणि घरच्या ग्रुपवर आजोबांनी चुकीचं काही टाकलं, तर त्यांची खिल्ली उडवून ते लस घेणार नाहीत. दवाखान्यात त्यांच्या आधी तुम्ही रांगेत उभे राहा, ते येतील.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिनचं नाव दिलं गेलं. तो तेव्हा हयात होता, युरोपात एकटाच राहत होता. लग्न केलं नव्हतं. शेवटची वर्षं त्यानं धर्माच्या अभ्यासात आणि पूर्व युरोपातल्या ज्यू पाठशाळांना मदत करण्यात घालवली. त्यासाठी आपली पुंजी दिली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात तो वारला. १९६४ मध्ये भारत सरकारनं त्याच्या नावे टपाल तिकीट काढलं. परळची इमारत आजही उभी आहे. कधी मुंबईला गेलात, तर लोकलनं परळला उतरा आणि बघून या.